बोरी बुद्रुकच्या वाटेवर : गाडीचा पाण्याचा पंप बदलायचा कधी?

पुणे–नाशिक रस्त्यावर पुण्याहून नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर आळेफाटा लागतो. माळशेज घाट चढून आलेला कल्याणचा रस्ता इथे आडवा येतो आणि तसाच पुढे अहिल्यानगरकडे जातो. जुन्नर तालुक्यातल्या मंडळींना या फाट्याची ओळख करून द्यायला नको. पण तुम्ही सोलापूरकडचे, खानदेशातले किंवा कोकणातले असाल आणि अष्टविनायकाच्या यात्रेत ओझर-लेण्याद्रीला निघाला असाल, तर अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि फाट्यावरून दक्षिणेला, कुकडी नदीच्या अंगाने खाली उतरा. तिथे बोरी बुद्रुक आहे.

या वाटेवर तुम्हांला ऊस दिसेल, कांदा दिसेल, तारकाठीवर बांधलेला टोमॅटो दिसेल. खोडदच्या बाजूला नजर टाकलीत तर रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतील. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या या तबकड्या एकूण ३० आहेत आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर. नव्या माणसाची गाडी त्या बघायला हमखास थांबते. आणि रस्त्यावर म्हणाल तर पिकअप, पिकअप आणि पिकअप. कुणी क्रेट भरून नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला, कुणी गोण्या भरून ओतूर-आळेफाट्याच्या कांदा बाजाराला, तर कुणी रात्रीच्या रात्री वाशीला. एके काळी दारातली बैलजोडी ही घराची पत होती. आज तिच्या जागी चार चाके उभी आहेत. बैल आजारी पडला की रवंथ थांबते, कान पडतात, चाऱ्याला तोंड लावत नाही; हे घरातल्या शाळकरी पोरालाही कळते. चार चाकांच्या दुखण्याची तेवढी पारख अजून आपल्या घरात आलेली नाही. आज त्यातल्या एकाच दुखण्याबद्दल बोलायचे आहे, आणि ते बोलायला बोरीच्या नदीकाठाएवढी चांगली जागा नाही. का, ते पुढे येईलच.

बोरीला गेलात की आधी नदीचा कापलेला काठ बघा. कुकडी उगम पावते नाणेघाटाच्या अंगाला. तिच्या उगमाकडे, पूर गावी कुकडेश्वराचे जुने देऊळ आहे. माणिकडोह आणि येडगाव ही दोन धरणे ओलांडून ती बोरीला येते, पुढे घोड नदीला मिळते आणि घोडेबरोबर भीमेला जाते. बोरीच्या काठाच्या मातीत पांढुरक्या, करड्या राखेचा एक थर आहे. ही राख चुलीतली नव्हे, कुठल्या भट्टीतलीही नव्हे. हजारो किलोमीटर दूर, सुमात्रा बेटावरच्या टोबा नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा उडालेली ही राख वाऱ्याने समुद्र ओलांडून आणून टाकली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात या थराचा अभ्यास केला. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही सापडली. १९८८ साली राखेचे वय १४ लाख वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी ती टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महास्फोटाची असल्याचे मत मांडले. ती त्याहून जुनी आहे, असे म्हणणारेही आहेत. विद्वानांचा वाद विद्वानांना सोडू. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की बोटांत पिठासारखी लागणारी ही राख खरे तर काचेचे अगदी बारीक, धारदार कण आहेत. (बघायला गेलात तर बघा, पण उकरून पिशवीत भरून आणू नका. जगभरचे लोक अभ्यासतात तो थर आहे तो.)

आता राखेवरून नजर खाली पाण्याकडे न्या. काठाने मोटारी बसलेल्या असतात, पाइप वर शिवाराकडे गेलेले असतात. आपल्याकडे १९२०च्या दशकात किर्लोस्करवाडीला सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले आणि बैलाच्या मोटेची जागा हळूहळू लोखंडी मोटेने घेतली. विजेच्या पंपाला आपण 'मोटार' म्हणतो आणि जुन्या माणसांच्या कानाला त्यात 'मोट' ऐकू येते. वीज यायच्या आधी नदीवर डिझेल इंजिने होती. त्यांतल्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांना पंपाच्याच पाण्यातून एक बारीक नळी काढून दिलेली असे. नदीचेच पाणी इंजिनात फिरायचे, गरम होऊन बाहेर पडायचे. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरून म्हातारी माणसे सांगत, की इंजिन बरे आहे की तापले आहे. पाणी फिरते आहे तोवर इंजिन जिवंत, ही गोष्ट आपल्या बापजाद्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेली नव्हती.

नदीवरच्या जुन्या पंपाची आणखी एक गोष्ट त्यांना माहीत होती. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे ग्लँड असते आणि तीत दोरी भरलेली असते. या ग्लँडमधून पाण्याचे थोडे थोडे थेंब पडायलाच हवेत. थेंब पडतात म्हणजे दोरी ओली आहे, दांडा थंड आहे. नवशिक्याने थेंब बंद करायच्या हौसेने ग्लँड करकचून आवळली, की दोरी जळते, दांडा झिजतो आणि पंप हातचा जातो. थेंब पडू द्यावा, धार लागली की मग दोरी बदलावी, हा नदीचा धडा. तो बरोबर आहे.

घोटाळा होतो तो हाच धडा आपण गाडीला लावतो तेव्हा.

गाडीच्या इंजिनालाही पाण्याचा पंप असतो. गॅरेजमध्ये कुणी त्याला वॉटर पंप म्हणते, कुणी वॉटर बॉडी. जात तीच, नदीवरच्या पंपाची: आत पात्यांचा एक छोटा पंखा, त्याला जोडलेला दांडा, दांड्याला बेअरिंग आणि बाहेर पुली. पुलीवर पट्टा असतो, तो इंजिनाच्या जोरावर फिरतो आणि पंप इंजिनातले तापलेले पाणी रेडिएटरकडे ढकलतो. रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने निवते आणि परत इंजिनात येते. बैल घाण्याला फिरतो तसे तेच ते पाणी दिवसभर फिरत राहते. नदीवर पाणी गेले तरी नवे येते. गाडीत आहे तेवढ्याच काही लिटरांवर सगळा कारभार. हा पहिला फरक.

दुसरा फरक दांड्याजवळचा. गाडीच्या पंपात ग्लँडची दोरी नसते. तिथे सील असते, दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून फिरणाऱ्या. या सीलमधून थेंब पडावा अशी अपेक्षाच नाही. मात्र सील कधीतरी झिजणार हे पंप बनवणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो पंपाच्या अंगाला, सील आणि बेअरिंग यांच्या मधे, एक बारीक भोक ठेवतो. सील फुटले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावे, म्हणून. म्हणजे नदीवरच्या पंपाचा थेंब 'मी ठीक आहे' असे सांगतो, आणि गाडीच्या पंपाचा थेंब 'माझे दिवस भरले' असे सांगतो. दोन्ही थेंब दिसायला सारखेच. त्यामुळे माणूस फसतो. पाणी थोडे कमी होतेय, होऊ दे. सकाळी बाटलीभर ओतले की झाले, असे म्हणून सहा-सहा महिने गाडी हाकणारे लोक तुमच्याही गावात असतील. आणि काही हुशार तर असे, की त्या भोकातच लांबी भरून ते बुजवून टाकतात. त्याने थेंब थांबतो खरा, पण पाणी बेअरिंगमध्ये वळते, वंगण धुऊन जाते आणि जे दुखणे महिनाभर कुरकुरत चालले असते ते आठवड्यात उरकते.

हा थेंब घरात सर्वांत आधी कुणाला दिसतो, सांगू? गाडी चालवणाऱ्याला नव्हे. तो सकाळी येतो, चावी फिरवतो आणि जातो. थेंब दिसतो तो अंगण झाडणाऱ्या माउलीला. गाडी गेल्यावर जिथे तिचे तोंड होते त्या जागी ओला डाग पडलेला असतो. "अहो, गाडीखाली कालही ओलं होतं, आजही आहे," असे तिने म्हटले आणि तुम्ही "एसीचं पाणी असेल गं," म्हणून टाकून दिलेत, तर थांबा. एसीचे पाणी पडते हे खरे. पण ते साधे, स्वच्छ असते, एसी लावून गाडी आल्यावरच पडते आणि वाळले की मागे काही उरत नाही. कूलंट रंगीत असते, हिरवे, तांबडे किंवा निळे. बोटाला जरा चिकट लागते, वाळल्यावर डाग राहतो. खात्री करायची तर रात्री गाडीच्या तोंडाखाली एक कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठाच सांगेल.

पुठ्ठा ओला दिसला म्हणून लगेच पंपावर आळ घेऊ नका. बॉनेट उघडा, इंजिन पूर्ण गार असताना. रबरी नळ्या दाबून बघा. कुठे तडकली असेल, क्लिप ढिली असेल, तर काम स्वस्तात भागते. रेडिएटरच्या जाळीला कुठे ओल आहे का बघा. मग पट्ट्यामागे, पंपाच्या अंगाखाली बॅटरीचा उजेड टाका. भोकाखाली ओघळ आहे का? वाळलेल्या ओघळाची पांढरी, हिरवट किंवा गंजासारखी खपली धरली आहे का? नुसती जुनी खपली असेल आणि पाणी उतरत नसेल, तर ती पुसून काढा, टाकीवर पाण्याच्या खुणेपाशी एक रेघ ओढा आणि आठ दिवस लक्ष ठेवा. नव्या पंपाची सील बसेपर्यंतही किंचित ओल येते, ती थांबते. पण पुसल्यावर पुन्हा ओघळ आला आणि रेघेखाली पाणी गेले, तर निर्णय झाला. पंप बदलायचा. हंगाम संपल्यावर नव्हे, या आठवड्यात.

दुसरी खूण कानाची आणि हाताची. बेअरिंग जायला लागले की इंजिनाच्या पुढच्या बाजूने घरघर येते. रिकाम्या जात्याचा आवाज तुम्ही ऐकला असेल, काहीसा तसा. वेग वाढवला की तो वाढतो. इंजिन बंद, चावी खिशात, मग पुली हाताने वर-खाली हलवून बघा. जुन्या जीपगाड्यांत आणि कितीतरी ट्रॅक्टरांत रेडिएटरमागचा पंखा पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असतो. त्यात पंख्याचे पाते धरून हलवले तरी कळते. ते हलता कामा नये. हलले तर थेंब असो वा नसो, ती गाडी घाटात नेऊ नका. आज आवाज आहे, उद्या पुली तिरकी होईल आणि पट्टा उडेल. पट्टा उडाला की पंप थांबतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी भरणारा डायनामोही त्याच पट्ट्यावर असतो, तोही थांबतो. पंख्याच्या गाडीत तर पंखा पुढे जाऊन रेडिएटरच्या जाळीत घुसतो आणि एकाच्या जागी तीन खर्च होतात. नव्या गाड्यांचा पंखा विजेचा असतो. तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा त्याच्याजवळ बोटे नेऊ नका, पोराबाळांना नेऊ देऊ नका.

तिसरी खूण तापमानाच्या काट्याची. पंपातली पाती गंजून झिजली, तर बाहेर थेंबही पडत नाही आणि आवाजही येत नाही, पण पाणी पुरेसे फिरत नाही. सपाटीला गाडी ठीक चालते आणि चढाला काटा वर सरकतो. इथे मात्र घाई नको, कारण काटा चढायला कारणे पुष्कळ. रेडिएटरची जाळी उसाच्या पाचटाने आणि धुळीने बुजली असेल. थर्मोस्टॅट अडकला असेल. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल. गाडी उभी असताना तापते आणि पळताना निवते, तर बहुधा पंख्याचा दोष. बाहेर कुठेच ओल नाही, तरी पाणी कमी होते, तेलाची काडी काढली तर तेल दुधाच्या चहासारखे दिसते, असे असेल तर प्रकरण पंपाच्या पुढे गेले आहे. हेड गॅसकेटचा संशय घ्या. या सगळ्याची पाहणी न करता "पंप टाकून बघू" म्हणणाऱ्या मेस्त्रीला जरा थांबवावे. चांगला मेस्त्री आधी थंड इंजिनाला दाब देऊन गळती कुठे आहे ते दाखवतो, मगच पाना उचलतो.

आता बोरीहून निघालेल्या पिकअपचा विचार करा. समजा, तुमचीच आहे. संध्याकाळी टोमॅटो भरला. पंपाखाली ओघळ आहे हे तुम्हांला ठाऊक आहे, पण बाजार बरा आहे, उद्याची फेरी झाली की बघू. ओतूर गेले, माळशेज उतरला, मुरबाड-कल्याण करून वाशीला पोहोचलात. उतारावर इंजिनाला फार कष्ट नसतात, त्यामुळे जाताना काही कळले नाही. खरी परीक्षा परतीची. दुपारचे ऊन, टोकावड्याच्या पुढे घाटाचा चढ, खालच्या गिअरवर इंजिन ओरडते आहे आणि पाणी सकाळपासून झिरपते आहे. काटा तांबड्यात गेला. तिथेही माणूस म्हणतो, वर चढून थांबू. तेवढ्यात काटा एकदम खाली येतो आणि जिवात जीव येतो. फसू नका! आतले पाणी संपले की काट्याची कळ कोरडी पडते आणि कोरडी कळ खोटे सांगू शकते. पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत हेड वाकते, गॅसकेट जळते, कधी इंजिन जाम होऊन बसते. पंप, पट्टा आणि कूलंट यांच्या खर्चात भागणारे काम हेड उतरवण्यावर जाते आणि गाडी ऐन तोड्याच्या दिवसांत गॅरेजला पडते. शेतात पिकलेला टोमॅटो मात्र कुणासाठी थांबत नाही. आणि हेच रात्री, उसाच्या रस्त्यावर झाले तर? जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो, हे काही गोष्टीतले नाही. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. बायकामुलांना घेऊन तिथे गाडीबाहेर उभे राहायची वेळ का आणावी?

तरीही कधी गाडी तापलीच, तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि हात मागे ठेवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते. झाकण ढिले होताच ते उकळून वाफेसकट अंगावर येते आणि तोंड-हात भाजून काढते. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. नळी हाताला गार लागली की फडके टाकून झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका. तव्यावर पाणी टाकल्यावर काय होते ते आठवा. लोखंड तडकते. पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येईल, पण पट्टा उडालेला असेल किंवा पुली डुलत असेल तर तेही नाही. ओढून न्या.

आता त्या राखेची आठवण काढू. पंप लवकर जातो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. वाटेत ओढा दिसला, कॅन बुडवला, रेडिएटरात ओतला, ही आपली सवय. नदीच्या पाण्यात गाळ असतो, बारीक रेती असते, आणि बोरीसारख्या काठावर काचेचे पीठही असू शकते. सीलच्या त्या दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये असे कण गेले, की सहाणेवर घासल्यासारखे होते. बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ, पण जड. अंघोळीच्या बंबात आतून पांढरा थर धरतो ना, तोच थर इंजिनात आणि रेडिएटरात धरतो. शिवाय नुसत्या पाण्याने लोखंड गंजते, पाती खाल्ली जातात. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, उगाच पैसे काढायचा धंदा, असे म्हणणारे भेटतात. त्यांचे ऐकू नका. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे घ्या आणि त्यात घालायचे पाणी बॅटरीत घालतो तसले डिस्टिल्ड असू द्या. दोन-तीन वर्षांनी ते बदलावे लागते. नेमकी मुदत पुस्तकात दिलेली असते. अडीअडचणीला साधे पाणी ओतावे लागले तर ओता, गाडी घरी आणा, आणि मग सगळे काढून नीट भरा.

किती किलोमीटरला पंप बदलावा, असा सरळ प्रश्न तुम्ही विचाराल. एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला पंप म्हातारा समजावा, एवढेच म्हणता येईल. शेतकऱ्याच्या गाडीचे किलोमीटर फसवे असतात. बाजाराच्या रांगेत इंजिन चालूच, शेतरस्त्याच्या धुळीत पहिला-दुसरा गिअर, त्यात आकडा वाढत नाही आणि पंप झिजत राहतो. ट्रॅक्टरचा हिशेब तर तासांवरच असतो. म्हणून आकड्यावर नव्हे, खुणांवर जा. अपवाद एक. काही मोटारींत पाण्याचा पंप बाहेरच्या पट्ट्यावर नसून आतल्या टायमिंग बेल्टवर असतो. तिथे पंप अडकला तर बेल्ट तुटतो आणि आतल्या व्हॉल्व्हचा चेंदा होऊ शकतो. अशा गाडीत टायमिंग बेल्ट बदलायची मुदत आली की पंप चांगला दिसला तरी त्याच वेळी बदलून घ्यावा. खोलण्या-बसवण्याची मजुरी एकदाच पडते. आपली गाडी कोणत्या जातीची, हे मेस्त्रीला आजच विचारून ठेवा.

बदलायचे ठरले की आळेफाटा, नारायणगाव, मंचर, कुठेही काम होते. फार मोठे काम नाही ते. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरच्या पंपाला दांडा-बेअरिंग-सीलचे किट मिळते आणि जाणता कारागीर तोच पंप पुन्हा उभा करतो. नव्या गाड्यांचा पंप अख्खाच बदलतात. काम चालू असताना चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा. जुने पॅकिंग पूर्ण खरवडून जागा साफ झाली का, पॅकिंग नवे घातले का, हे बघा. पट्टा भेगाळला असेल तर नवा पट्टा त्याच दिवशी टाका. पाणी भरल्यावर हवा काढली पाहिजे. नदीवरचा पंप हवा धरतो आणि नुसताच फिरतो, तसेच गाडीतही होते. हवा राहिली तर नवा पंप असूनही इंजिन तापते आणि बिचाऱ्या पंपावर खापर फुटते.

काढलेले जुने कूलंट घमेल्यात किंवा अंगणात ठेवू नका. ते चवीला गोडसर असते आणि विषारी असते. कुत्रे, वासरू, शेरडू तोंड घालते आणि जीव जातो. रांगते पोर असेल तर विचारूच नका. डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजवरच द्या. नदीत, विहिरीच्या कडेला किंवा गुरांच्या हौदाजवळ तर मुळीच ओतू नका.

जुना पंप मात्र मेस्त्रीकडून मागून घ्या. दांडा बोटांनी फिरवून बघा, खरखर कशी लागते ते ध्यानात राहील. उलटा करून पाती बघा. साध्या पाण्यावर चाललेल्या पंपाची पाती कशी खाल्ली गेली आहेत ते दिसेल. घरी नेऊन ते खालचे भोक अंगण झाडणाऱ्या माणसालाही दाखवा. आणि नव्या पंपावर पहिले आठ दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना, टाकीवरची रेघ बघा. पाणी रेघेवरच राहिले, पुठ्ठा कोरडा राहिला, की मग वाशीची फेरी धरा.